फळ कोण जेवणात धरता?

दशावतारी नाटकातल्या राणीला लोकांना रडवायला फारसं काही लागत नाही. एक बाकडं, एक राजा आणि पेटीवर एक लांबलेला सूर, एवढ्यात काम होतं. पण त्या वैशाखात पालये गावी मोसमातलं शेवटचं नाटक होतं, आणि बाबली नटाने केलेली राणी शुद्ध हरपून राजाच्या अंगावर कोसळली. राजा तिच्यासकट बाकड्यावर बसला आणि बाकडं मोडलं. ज्या प्रवेशाला बायका पदर डोळ्यांना लावायच्या, त्या प्रवेशाला सगळा मांडव पोट धरून हसला.

कंपनीचे मालक रामचंद्र तसे सज्जन, पण धंद्याला डोळे असतात. रंग उतरवताना ते म्हणाले, "बाबल्या, वायट वाटून घेव नको. फुडल्या वर्सा तू राक्षस कर. राणीक कंबर होयी रे."

बाबलीही हसला. पुरुषाने बावन्नाव्या वर्षी राणी होण्याचा हट्ट धरणं म्हणजे हसण्यासारखीच गोष्ट. पण कोरगावला घरी परत येताना स्कूटरवर त्याला जे वाईट वाटत होतं, ते राणीसाठी नव्हतं.

ते आईसाठी होतं. बाबलीची आई यशोदा गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. तिचा एकही फोटो नाही. शेतात राबणाऱ्या बाईचा फोटो त्या काळी कोण काढणार? वर्षं सरली तसा तिचा चेहरा त्याच्या मनातून झिजत गेला. आवाज राहिला, हाताचा खरखरीतपणा राहिला, चेहरा तेवढा गेला. मग एकोणिसाव्या वर्षी त्याला पहिल्यांदा स्त्रीपार्ट मिळाला. देवळामागे बसून त्याने तोंडाला रंग लावला, कुंकू रेखलं, नथ अडकवली, डोक्यावरून पदर घेतला आणि आरशात पाहिलं. आरशात आई बसली होती. तेच बसलेले गाल, तीच वर आलेली हाडं, तेच मोठे डोळे. हातातली कुंकवाची डबी सांडली, आणि सांडल्याबद्दल मालकांच्या शिव्याही खाव्या लागल्या.

तेव्हापासून प्रत्येक मोसमात तो आईला भेटायचा. लोकांना वाटे बाबलीला राणीच्या पार्टाची हौस आहे. हौस कसली! माणूस आईला भेटायला जातो त्याला कोणी हौस म्हणतं का? हे फक्त त्याच्या बायकोला, सुमंगलाला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर आईला त्या आरशातून घालवलं तेही सुमंगलाच्याच हाताने. तिच्या हातचं माशाचं हुमण, वर दारावर पाव विकणाऱ्या पोदेराचे गरम उंडे; चाळिशीनंतर बाबलीचे गाल असे भरले की गेली चार वर्षं आरशात नुसता नथ घातलेला बाबली दिसत होता. आईला बघायची ही तहान त्याला चारचौघांत बोलताही येत नव्हती.

"बारीक होवचा आसा," त्याने घरात जाहीर केलं.

मुलगी भाग्यलक्ष्मी डिचोलीत एका डॉक्टरांकडे कामाला होती, शनिवारी घरी यायची. तिने वजनकाटा आणला, बापाच्या फोनमध्ये त्याचं नाव घातलं आणि सांगितलं, जे पोटात जाईल ते सगळं ह्यात मांडायचं, दिवसाची बेरीज फोन करील.

बाबलीने भात सोडला, मासे सोडले, सकाळी पोदेराचा भोंपू वाजला की तो परसात निघून जायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं हा संन्यासच घेतो की काय. पण माणसाला जगायला काहीतरी हवं, म्हणून तो फळं खायचा. सकाळी पाच-सहा केळी. दुपारी फणसाचे गरे, मोजायला कंटाळा यावा इतके. मानकुराद आंबा, कारण मोसम संपत आला होता. पाऊस लागल्यावर नीरफणसाचे काप, शेवटी नीरफणसही भाजीच. फोनात यातलं काही गेलं नाही.

आषाढात काट्यावर उभा राहिला तर वजन वाढलेलं.

"काटो बिघाडलो," तो म्हणाला.

भाग्यलक्ष्मी स्वतः काट्यावर उभी राहिली. काटा शाबूत होता. मग तिने आईला विचारलं, आणि सुमंगलाने परसातल्या केळ्यांच्या रिकाम्या घडाकडे बोट दाखवलं.

"बाबा, फळां मोजलास नाय?"

"फळ खंय कोण जेवणात धरता?" बाबलीने अगदी खात्रीने विचारलं. "उपासाक फळ चलता, रताळी-कणगां चलतत. खाल्ल्यार उपास मोडणा नाय. म्हणजे ता जेवणच न्हय. माझी आवस म्हणायची."

"देवाकडे चलता, काट्याकडे चलणा नाय. दुदी, तवशी, पालेभाजी किती खायात, मी बोलणंय नाय. पण गरे आनी केळी मोजूकच होयी."

बाबलीला राग आला. हा काही फळांचा प्रश्न नव्हता. आईने घालून दिलेला एकच नियम त्याच्यापाशी उरला होता, आणि तोही ही पोरगी फोन दाखवून मोडायला निघाली होती.

"माझी आवस फळांवरच जगली," तो ठणकावून म्हणाला. "सोमवार म्हादेवाचो, मंगळवार देवीचो, गुरुवार दत्ताचो, शनवार मारुतीचो. मदी एकादशी, संकष्टी. सगळो गाव म्हणायचो, यशोदा देवाची बाई. दिसभर शेतात वाकान काम करायची आनी काडयेसारखी बारीक होती. फळान माणूस जाडो जाता तर ती कशी नाय झाली?"

"सांगा बघया काय खायची ती," भाग्यलक्ष्मी हसत म्हणाली. तिला आजीची थट्टा करायची नव्हती, बापाला पटवायचं होतं. "आजयेक पण घालुया फोनात."

बाबली खुर्चीत सावरून बसला. आईबद्दल कोणी विचारलं की तो असाच सावरून बसे. "सकाळी गूळ घालून कोरी चाय. दुपारी उकडलेली कणगां. दोन. एक माका द्यायची." तो थांबला. "म्हणजे एक."

मुलीचं बोट फोनवर चालत होतं. "मगे?"

"सांजे केळा. परसात घड असलो तर."

"आनी राती?"

"राती पेज असायची. बापूस आमोण्याक बार्जीच्या बोटींत खाणीची माती भरूच्या कामार, म्हयन्यान एकदा येयचो. घरात मी आनी ती. पेज माका वाढायची, वयर सुक्या बांगड्याचो तुकडो. मी म्हणायचंय, तू जेव. ती म्हणायची, माझो आज उपास. आज जा खाल्लंय ता फळ, फळ कोण जेवणात धरता? उपास फाल्यां सोडतलंय."

"फाल्यां खंयचो वार?" भाग्यलक्ष्मीने विचारलं. आता ती हसत नव्हती.

बाबली बोटांवर उद्या-उद्याचे वार मोजू लागला. तो आठवत होता. बुधवार. बुधवारी उपास नव्हता. बुधवारी तरी आई जेवताना कशी दिसायची? ताटावर बसलेली आई, घास उचलणारी आई, बोटं चाटणारी आई. त्याने खूप शोधलं. एकदाही सापडली नाही.

मुलीने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. आकडा तिने सांगितला नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, एवढ्याच खाण्यार मी सकाळी बस स्टॉपापर्यंत पण पोचूचंय नाय."

स्वयंपाकघराच्या दारात सुमंगला उभी होती. "ते उपास न्हय होते," ती हळूच म्हणाली. "घरात पेज एकाचीच होती."

बाबली उठून परसात गेला आणि बराच वेळ केळीच्या खुंटाशी उभा राहिला. चाळीस वर्षं तो ज्या गालांसाठी झुरत होता, ते गाल भुकेचे होते. ती हाडं वर आली होती ती भुकेने. आणि तो चेहरा परत यावा म्हणून तो पोटभर गरे खात बसला होता! त्याला स्वतःची लाज वाटली, आणि आईचा रागही आला. देवांची नावं पुढे करून तिने एका पोराला बरं फसवलं होतं.

दोन दिवस त्याने ना काट्याचं नाव घेतलं ना फोनचं. तिसऱ्या दिवशी फोन हातात घेतला आणि खाल्लेलं केळं स्वतः मांडलं. आईची ओढ कमी झाली नव्हती. उलट आता तर तिला भेटायलाच हवं होतं, विचारायचं होतं, रागवायचं होतं. श्रावण गेला, चवथ गेली. गणपतीवरच्या माटोळीला बांधलेली फळं उतरून घरात वाटली तेव्हा बाबलीने एक पेरू घेतला आणि तोही मोजला. सुमंगला उंडे शेजारणीकडे लपवून ठेवू लागली. दिवाळीपर्यंत त्याच्या सदऱ्यात दुसरा बाबली मावला असता.

रामचंद्र मालकांनी त्याला वरून खाली पाहिलं. "जत्रेक एक डाव बघतंय," ते म्हणाले. "लोक हासले तर राक्षस."

जत्रेच्या दिवशी सूर्य टेकायला आला तेव्हा बाबली देवळामागे पेटाऱ्यापाशी बसला. पुढे देवीसमोर लोक केळी-नारळ ठेवत होते, त्यातला केळ्यांचा एक फणा कोणीतरी नटांसाठी आणून टाकला होता. भाग्यलक्ष्मी त्याच्या लुगड्याच्या निऱ्या धरायला आली होती. त्याने रंग लावला. कुंकू रेखलं. नथ अडकवली. मग पदर घेतला आणि डोळे मिटूनच आरसा उचलला.

आई आली होती. तसेच बसलेले गाल, तीच हाडं. तेच मोठे डोळे, आणि आज त्या डोळ्यांत काय होतं ते त्याला वाचता आलं. लहानपणी त्याला ती माया वाटली होती. माया होतीच, पण पेजेच्या वाडग्याकडे बघताना तिच्यात आणखीही काही असायचं. विचारायचं ते सगळं तो विसरला. रागवायचं राहूनच गेलं.

त्याने फण्यातलं एक केळं मोडलं, सोललं, आणि आरशात बघत घास घेतला. आरशात आईने घास घेतला. ती सावकाश चावत होती. तिने गिळलं. बाबलीने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि डोळ्यांतलं पाणी गालावरच्या रंगात उतरू लागलं तरी आरसा खाली ठेवला नाही.

"बाबल्या, रंग गेलो मरे!" मालक पलीकडून ओरडले. "खाण्याची येळ काय ही?"

त्याने दुसरं केळं सोललं.

निऱ्या सोडून भाग्यलक्ष्मी पुढे आली. बापाने महिनोन् महिने पाळलेला हिशेब असा शेवटच्या घडीला मोडताना पाहून ती बावरली होती. सवयीने तिने बापाचा फोन काढला. "बाबा, दोन घालू?"

बाबलीने आरशावरची नजर काढली नाही.

"नको गो," तो म्हणाला. "ही माझ्या जेवणात धरू नको."