काळ्या चौकटीचं पान

मित्रांनो, मी एक जुनी पुस्तिका आहे. बारीक अंगाची, पोटात दोन पिना मारलेली, कोपरे दुमडलेली. आपल्या पोटात काय आहे ते ज्याला ठाऊक, त्याला कसली भीती, असं तुम्ही म्हणाल. पण ठाऊक असतं ना, म्हणूनच जास्त भीती वाटते.

माझा जन्म दूर अमेरिकेतल्या छापखान्यात झाला. मी गोष्टीचीच पुस्तिका, पण नुसती वाचायची नव्हे, खेळायची. एकानं मला हाती धरून गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. "समोर दार आहे, काय करता?" असं सांगणाऱ्यानं विचारायचं. खेळणाऱ्यांनी आपापल्या मनाचं बोलायचं. जमलं की फसलं, ते दहा बाजूंचा फासा ठरवायचा. माझ्यातलं शहर पुढच्या काळातलं आहे. तिथं कंपन्यांचं राज्य, हवासुद्धा विकत. माणसं डोक्यात तारा जोडून घेतात, तुटल्या हाताच्या जागी लोखंडी हात बसवतात.

आणि माझ्या शेवटाकडच्या एका पानावर काळी चौकट आहे. चौकटीतला मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवावा, असा या खेळाचा रिवाज. तिथं छापलंय, की कंपनीच्या मनोऱ्यातून सगळे निसटत असताना एकाला मागं थांबून दार धरावं लागेल. दार धरणारा मरेल. इथं फासा टाकू नये.

छापखान्यात मला त्याचं काही वाटलं नाही. मरणारा कोण, ते कुठं लिहिलं होतं!

कुणाच्या तरी मामाच्या बॅगेतून मी सांगलीच्या एका होस्टेलात आले आणि तिथून प्रथमेशच्या हाती पडले. प्रथमेश वडूजचा, इंजिनिअरिंग शिकणारा. त्याचे चुलते नाथाजीबुवा गावोगाव कीर्तन करत. लहानपणी हा त्यांच्या मागं टाळ धरून उभा राहिलेला. त्यामुळं हा मला वाचत नसे, रंगवत असे. माझं इंग्रजी त्याच्या तोंडी मराठी व्हायचं आणि मध्येच कंपनीचा साहेब असा काही गुरकायचा, की माझीच पानं शहारायची. सुट्टीत घरी आला की तो मला देवळीत पोथ्यांच्या शेजारी ठेवी. बुक्क्याचा वास माझ्या कागदात मुरला. माजघरात बुवांची रोजची तालीम चाले. मी छापली गेले परदेशात, पण खरी वाढले ती त्या सुरांवर.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यानं मला वडूजला कपिलच्या एसटीडी बूथमध्ये नेलं. पुढं बुद्धांच्या तसबिरीखाली फोन, मागं सतरंजी टाकायला पुरेल एवढी खोली. खेळायला कपिल, त्याची बहीण दीपमाला आणि तिची मैत्रीण क्रांती. प्रथमेशला सगळे चेष्टेनं 'बुवा' म्हणत.

"बुवा, लाइट गेली बघा," कपिल म्हणायचा. "तुमच्या त्या पुढच्या काळात तरी लोडशेडिंग हाय का न्हाई?"

"तिथं वीज कंपनीची हाय गड्या. बिल थकलं तर माणूसच बंद करत्यात."

क्रांतीनं खेळात एक फौजी घेतला होता, लोखंडी हाताचा. त्याला तिनं आपल्या थोरल्या भावाचं नाव दिलं, जोती. खरा जोतीराम फौजेत होता, वर काश्मीरकडं. आरंभी ते गमतीचं होतं. मग टीव्हीवर बर्फाचे डोंगर आणि तोफांचा धूर दिसायला लागला. जोतीरामचं पत्र येईना. घरच्यांनी त्याला कपिलच्या बूथचाच नंबर दिलेला होता, तोही वाजेना. वाजला तरी दुसऱ्याच कुणाचा. मित्रांनो, तेव्हापासून त्या बूथमध्ये घंटी वाजली की फासा हवेतच राहायचा. कपिल 'हॅलो' म्हणेपर्यंत कुणी श्वास घेत नसे. पलीकडच्या एका गावात तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली, त्या दिवशी कपिलचा हातच फोनवर जाईना.

क्रांतीची आई, सुलाबाई, दुपारची भाकरी झाली की बूथमध्ये येऊन फोनजवळच्या स्टुलावर बसायची. मागच्या खोलीत प्रथमेश मांडी घालून काही सांगतोय, पोरं कान देऊन ऐकतायत, म्हणजे पोथीच चाललीय अशी तिची समजूत झाली होती. तीही पदर सावरून ऐके. समजत किती होतं कोण जाणे.

एका सकाळी प्रथमेशनं पुढची पानं एकट्यानं वाचून काढली. काळ्या चौकटीवर त्याचा अंगठा आला आणि तिथंच थांबला. घामाचा तो ठसा अजून माझ्या त्या पानावर आहे.

"हे सोडूया," त्या दुपारी तो म्हणाला. "दुसरं कायतरी खेळू."

"का?" क्रांती म्हणाली. "वाचाय घेतलेलं अर्ध्यात सोडतात व्हय? तुझ्या चुलत्यांना विचार. आन हे दिवस बघ कसले. असल्या दिवसांत अपशकुन नको मला."

बाहेरून सुलाबाईनं मान डोलावली. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, की मी पोथी नाही गं पोरी, मला अर्ध्यात सोडलंस तर कोणताही देव कोपणार नाही. पण कागदाला कुठलं तोंड!

खेळ मनोऱ्यात शिरला. शिडी चढून सगळे गच्चीवर आले, मागून कंपनीचे शिपाई आले, आणि प्रथमेशनं कोरड्या आवाजात सांगितलं, "गच्चीचं दार बाहेरनं लागत न्हाई. कुणीतरी धरून थांबाय पायजे."

"जोती थांबतोय," क्रांती लगेच म्हणाली.

"आगं, दीपाला थांबू दे की. तिची बंदूक मोठी हाय."

"का रं बुवा?" दीपमाला उसळली. "मला ढकलतोयस व्हय पुढं? काय हाय त्या दारात?"

"मी थांबतो," कपिल म्हणाला. "मी काय, नुसता तारा जोडणारा माणूस."

"गप बसा सगळी. दादा असता तर दुसऱ्या कुणाला थांबू दिलं असतं का त्यानं?"

प्रथमेशनं मला उचललं. त्याचे डोळे काळ्या चौकटीवर होते, ओळीमागून ओळ उतरत होते, आणि तोंड म्हणालं, "दार लागलं. धूर झाला. आन धुरातनं जोती चालत भाईर आला."

कपिलनं टाळी वाजवली. त्या खोलीत त्याला आणि मलाच माहीत होतं, की यातलं एक अक्षर माझ्या अंगावर नाही. खोटं बोलणाऱ्या त्या पोराचा मला इतका लळा कधीच वाटला नव्हता.

पण क्रांती बी.ए.ला होती, इंग्रजी तिला वाचता येई. तिनं हात पुढं केला. "एवढ्या ओळी वाचल्यास डोळ्यांनी, आन मराठीत एवढंसंच? आण इकडं."

तिनं मला त्याच्या हातातून ओढून घेतलं. मी घट्ट मिटायचा प्रयत्न केला, पण उघडणं हाच माझा धर्म. तिनं वाचलं.

"काय गं?" सुलाबाई दारात येऊन उभी होती. "काय लिवलंय?"

दीपमालानं क्रांतीचा हात धरला.

"जोती मेला म्हणून लिवलंय, आई."

आपल्या पोराचं नाव या गोष्टीत आहे, हे त्या माउलीला तोवर ठाऊक नव्हतं. तिनं चौकट धरली. दाराची, माझी नव्हे. त्या क्षणी मला वाटलं, चूल पेटवा आणि घाला मला तिच्यात.

मग ती म्हणाली, "लिवलंय कुणी?"

"अमेरिकेत कुणीतरी, मावशी," प्रथमेश पुटपुटला.

"त्यानं जोतीला बघितलंय का?"

"न्हाई."

"मग त्याला काय ठावं? पुढं वाच."

"पुढं काय न्हाई मावशी. जाहिराती हायत नुसत्या."

"परथमेश, मरणावर पोथी मिटत न्हाईत. चांगलं कायतरी येस्तवर वाचत जायाचं असतं. आन कागद सरला म्हणून तुझा चुलता कीर्तनात गप बसतो व्हय रं? लोकांस्नी म्हणतो का, छापलेलं संपलं, आता घरला जावा? बस खाली. सांग."

प्रथमेशनं बाहीनं तोंड पुसलं. मला मिटून मांडीवर ठेवलं आणि माझ्यात नसलेलं सांगायला लागला. दारापलीकडं शिपाई आहेत, दार अजून कुणीतरी धरून आहे, खाली निसटलेली दोघं परत शिडी चढतायत.

तुम्हांला सांगते, तेव्हाची भीती चौकटीच्या भीतीहून मोठी होती. माझं शेवटचं पान कधीच मागं पडलं होतं आणि पुढं नुसता अंधार. गोष्टीत काय होणार, ते जन्मात पहिल्यांदाच मला माहीत नव्हतं. पुढच्या प्रत्येक वाक्याला मी पोरांसारखीच कान लावून बसले.

रोज दुपारी पुढं सांगणं होऊ लागलं. सुलाबाई आता स्टुलावरून सतरंजीवर आली. फासा कधी साथ देई, कधी नाही. शिडी तुटली, दोर मिळाला, दोर अपुरा पडला.

"आणा की एकदाचं त्याला खाली!" कपिल एकदा कळवळून म्हणाला.

"आन खाली आणला, आन मग फोन आला तर?" क्रांती म्हणाली. खेळातल्या जोतीला मारायची कुणाची छाती नव्हती आणि वाचवायचीही नव्हती. तो दार धरून उभाच राहिला.

मग एका दुपारी घंटी वाजली.

"हॅलो. व्हय, वडूज. व्हय, हायत." कपिलनं रिसीव्हर क्रांतीपुढं धरला. त्याचा चेहरा कुणाला वाचता येईना.

"हॅलो? हॅलो... दादा? दादा, तूच बोलतोयस न्हवं?"

ती हसत होती की रडत होती, देव जाणे. सुलाबाईनं तसबिरीकडं बघून हात जोडले, मग आपल्या देवाचंही नाव घेतलं. दीपमालानं तिला मिठी मारली. पण क्रांतीचं हसू ऐकता ऐकता विझलं. "कवा?" एवढंच ती म्हणाली. "बरं. सांगते." लाइन तुटली.

"दादा बरा हाय, आई. पायाला लागलंय थोडं. पण बिराप्पा गेला. माघारी येताना सगळ्यांच्या मागं तो थांबलावता."

बिराप्पा कवठे महांकाळकडचा, जोतीरामच्या तुकडीतला. मागं सुट्टीला एकदा तो वडूजला आला होता आणि सुलाबाईच्या हातची ठेच्याशी भाकरी खाऊन, "आमच्या आईगत करताय बघा मावशी," म्हणाला होता.

सुलाबाईचे जोडलेले हात सुटले. आनंद झाल्याचीच जणू तिला लाज वाटली. "बाळाबाई त्याच्या आईचं नाव," ती म्हणाली. "त्यानंच सांगितलंतं. एकला पोरगा गं तिचा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं मायलेकी बाळाबाईकडं निघाल्या. प्रथमेशही स्टँडवर आला, मला काखेत मारून. "मावशी, मीबी येतो. तिथं कायतरी सांगीन. मरणावर थांबायचं न्हाई म्हणालावता ना तुमी?"

सुलाबाईनं त्याच्या गालावरून हात फिरवला. "येतोस तर ये लेकरा. पण ती पोथी ठेव हितंच. तिथं सांगायचं काय न्हाई. नुसतं बसायचं हाय तिच्यापाशी."

त्यानं मला कपिलच्या हाती दिलं आणि तो एसटीत चढला. तेव्हापासून मी बूथच्या फळीवर आहे. ती गोष्ट पुन्हा कुणी पुढं नेली नाही.

मित्रांनो, मला वाळवीपासून जपा, माझ्यावर चहाचा कप ठेवू नका, हे तर मी मागतेच. पण आणखी एक मागणं आहे. माझ्यासारखं एखादं पुस्तक हाती धरून चारचौघांत वाचायला बसाल, तेव्हा काळी चौकट आली की जरा मान वर करा आणि ऐकणाऱ्याचं तोंड बघा. मला लिहिणाऱ्यानं सुलाबाईचं तोंड पाहिलेलं नव्हतं. तुमच्या समोर ती बसलेली असेल.