बॅटरी पुरेल तोवर

दोह्याच्या मुशेरिब भागात एका घरात कोकणातली पाच माणसं राहत. रोज सकाळी कामावर जाण्याआधी त्यांतल्या चौघांना एक काम असे. जहूरची गाडी ढकलायची.

गाडी छोटी, करडी, इंग्रजी. मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाने ती विकली तेव्हाच नऊ वर्षांची होती. जहूर तेल कंपनीच्या गुदामात स्टोअरकीपर होता. दोन वर्षांनी मिळणारी गावची रजा त्याने घेतली नाही. रजेच्या बदल्यात पैसे घेतले आणि गाडी आणली. जुम्याच्या सुटीला लोकांची ने-आण करू, चार पैसे सुटले की पुढच्या खेपेला गावी जास्त दिवस राहू, असं त्याच्या मनात होतं. पेट्रोल स्वस्त होतं, पण गाडी काही नुसत्या पेट्रोलवर चालत नाही. उन्हाने टायर चिरत. बारीक वाळू कार्ब्युरेटरमध्ये जाऊन बसे. दगडाळ वाटेवर मागच्या स्प्रिंगचा पाटा दोनदा तुटला. गाडीने मिळवलेलं गाडीच खाऊन टाकी. अशी पुढचीही रजा गेली. जहूर निघाला तेव्हा मुलगी नफिसा सहा वर्षांची होती. आता तिला अकरावं वर्ष लागलं होतं.

बॅटरीचं नुकसान मात्र त्याने स्वतःच्या हाताने केलं होतं. बॅटरीतलं पाणी उन्हाने आटतं, ते वरचेवर भरावं लागतं, एवढं त्याला ठाऊक होतं. त्याने अंगणातल्या विहिरीचं भरलं. गावी विहिरीच्या पाण्यावर सगळं चालायचं, माणूस काय आणि गुरं काय. इथल्या विहिरी खाऱ्या. महिन्याभरात आतल्या पट्ट्या खराब झाल्या. बॅटरी कितीही भरा, अर्ध्या तासात खलास.

तरीही त्या गाडीत एक चीज होती. रेडिओ. घरात वीज नव्हती आणि नाक्यावरच्या चहावाल्याच्या रेडिओवर दिवसभर अरबी गाणी चालत. पण सूर्य बुडाला की जहूरच्या गाडीत मुंबई लागे. दूरचं स्टेशन दिवसा पोचत नाही, अंधार पडू लागला की समुद्रावरून येतं. मग पाचही जण गाडीत आणि गाडीभोवती बसून कान देत. इंजिन मात्र बंद ठेवावं लागे, कारण ते चालू असलं की रेडिओत नुसती खरखर. म्हणजे ऐकायचं ते बॅटरीवर, आणि सकाळी ढकलायचं.

जानेवारीत बायकोचं, रुकैयाचं पत्र आलं. शाळेच्या बाई चार मुलींना मुंबईला रेडिओवर नेणार होत्या. 'माझं गाव' या विषयावर प्रत्येकीने आपलं लिहिलेलं वाचायचं. नफिसाचा नंबर शेवटचा. गुरुवारी रात्री आठ वाजता, म्हणजे इथे साडेसहाला. पत्राच्या शेवटी रुकैयाने लिहिलं होतं, पोरीनं काय लिहिलंय ते ती मलाही दाखवत नाही, म्हणते अब्बांनी आधी ऐकायचं.

त्याच आठवड्यात गाडीचा डायनॅमो बसला. मिस्त्री इब्राहीमने उघडून पाहिला आणि कार्बन झिजलेत म्हणाला. नवे बहारीनहून लाँचने यायचे, तीन आठवडे तरी लागणार. तोवर गाडी चालवली तरी बॅटरी भरणार नव्हती. बुधवारी त्याने बॅटरी आपल्याकडे रात्रभर चार्जिंगला लावली आणि सांगितलं, उद्या संध्याकाळपर्यंत हिला हात लावू नकोस.

जहूर कामावर पायी गेला. रहमानला तेवढंच पुरलं. रहमान त्याच्याच गावचा, सुतार, आणि घरातला सगळ्यात तोंडाळ.

"मालक चालतोय नि गाडी बघा," तो म्हणाला. "नवा जावई बसलाय जसा."

गुरुवारी सहालाच सगळे जमले. जहूर म्हणत होता, वेळेवरच लावू. रहमान म्हणाला, ऐन वेळी स्टेशन सापडलं नाही तर काय करशील, आधी धरून ठेव. ते पटलं म्हणून साडेसहाच्या ऐवजी सव्वासहालाच रेडिओ लावला. काटा पुढेमागे करण्यात दहा मिनिटं गेली.

साडेसहाला निवेदिका बोलली. मुलींची नावं खरखरीत बुडाली. पहिलीने देवळाजवळच्या शाळेचं वाचलं. दुसरीने होडीचं. तिसरीचा आवाज बारीक होत गेला. काट्यामागचा दिवा पिवळा पडत होता. जहूरने डोकं रेडिओच्या जाळीला टेकवलं.

चौथी मुलगी वाचू लागली. आवाज ठाम, मोठ्या मुलीचा. जहूरला वाटलं, ही कुणी दुसरीच, नंबर बदलला असणार. नफिसा असं बोलतच नाही. ती शब्द अर्धे गिळते, मध्येच हसते. तो तिची वाट पाहत राहिला. हिचं खाडीचं झालं, तरीचं झालं, आंब्यांचं झालं.

"माझे अब्बा कतारला असतात," ती मुलगी म्हणाली. "त्यांच्याकडे स्वतःची गाडी आहे. ती चौघांना ढकलावी लागते."

रहमान हसला. त्याच्या मागोमाग सगळेच हसले, पाठीवर थापा मारत. जहूर हात वर करून गप्प राहा म्हणत होता. हसणं थांबलं तेव्हा आतून शेवटचं एक अक्षर आलं आणि दिवा विझला.

ती शेवटी काय म्हणाली, ते जो तो आठवू लागला. मग फजल, जो सगळ्यांत वयाने मोठा होता, म्हणाला की ती म्हणाली, मी आले की मीपण ढकलीन. हाफिजला ऐकू आलं होतं, अब्बांनी गाडी घेऊन गावी यावं. कमालने काहीच ऐकलं नव्हतं आणि त्याने तसं सांगितलं. जहूरने पुन्हा बटण फिरवून पाहिलं.

"पत्रात विचार," फजल म्हणाला. "महिन्यात उत्तर येईल."

"पत्रात ती लिहील," जहूर म्हणाला. "बोलणार नाही. मला तिचा आवाज ओळखू आला नाही, फजलचाचा."

शनिवारी त्याने ऑफिसात रजेचा अर्ज दिला. साहेबाने विचारलं, पैसे की तिकीट? तो म्हणाला, तिकीट.

गाडी विकायला काढली, पण डायनॅमो बसलेली गाडी कोण घेतो? तीन माणसं बघून गेली. चौथ्या दिवशी रहमान पुढे आला. जहूरने त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच घाल. टायर दुपारी सावलीला राहू देत. मागच्या पाट्याचं पान पुन्हा जाईल, आज नाही तर उद्या. वर्षभर ही गाडी ढकललेला रहमान सगळं नवीनच असल्यासारखं ऐकत होता.

"तुला कशाला हवीय रे ही?" जहूरने शेवटी विचारलं.

"ते जाऊ दे," रहमान खाली बघत म्हणाला. "पोरीला विचार, पुढं काय म्हणाली. नि मला लिही. पहिला मीच हसलो होतो."