मावशीला विचारून

टिल्लीचा पाचवा वाढदिवस जवळ आला आणि मावशीच्या पोटात दुखायला लागलं. खरोखरचं दुखणं असतं तर एखाद्या गोळीने थांबलं असतं. हे होतं आत्याच्या नावाचं दुखणं. दरवर्षी याच सुमाराला ते उठायचं आणि आत्या परत गेली की हळूहळू बसायचं.

आता मावशीचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं नाही. ती टिल्लीच्या आईची धाकटी बहीण. कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला. सकाळपासून प्लास्टरचे साचे, मेणाच्या हिरड्या आणि लोकांच्या बत्तिशा हाताळायच्या, आणि दुपारी हात खसखसून धुऊन थेट बालवाडीच्या फाटकाशी उभं राहायचं. ताई आणि भावजी दोघंही नोकरीवर, त्यामुळे टिल्लीची अख्खी संध्याकाळ मावशीच्या गळ्यात. गळ्यात म्हणजे अक्षरशः. टिल्लीला दमायला झालं की ती गळ्यातच पडायची. शेंबूड पुसायचा मावशीने, बुटाचे बंद शंभरदा बांधायचे मावशीने, ताप आला की सुट्टी टाकायची तीही मावशीनेच. आणि आत्या? भावजींची ही मोठी बहीण दुसऱ्या शहरातल्या एका बड्या हॉटेलात मॅनेजर होती. वर्षातून एकदा चाकांची बॅग घरंगळत उगवायची, दोन दिवस राहायची, आणि वाढदिवसाची सगळी शोभा आपल्या खात्यावर जमा करून निघून जायची.

टिल्लीला काही कमी होतं म्हणावं तर तेही नाही. घरात माणसांपेक्षा चाकंच जास्त. तीनचाकी, दोनचाकी, ढकलायची गाडी, किल्लीची आगगाडी. खेळण्यांचं कपाट उघडताना एका हाताने दार धरायचं आणि दुसऱ्या हाताने वरून कोसळणारं अस्वल. मागच्या वाढदिवसाच्या दोन भेटींचे तर कागदसुद्धा अजून फाडले नव्हते. अशा पोरीला द्यायचं तरी काय?

तिसऱ्या वाढदिवसाला मावशीने दुमजली बाहुलीघर आणलं होतं. जिना, गच्ची, आत चिमुकला संडाससुद्धा! आणताना बसमध्ये कंडक्टरची बोलणी खाल्ली ती वेगळीच. आणि आत्याने काय आणावं? टॉर्च. साधी, मुठीत मावणारी टॉर्च. टिल्ली ती घेऊन टेबलाखाली शिरली ती जेवायलाही बाहेर येईना. बाहुलीघराच्या गच्चीवर ताई इस्त्रीचे कपडे ठेवायला लागली. चौथ्या वाढदिवसाला मावशी इरेला पेटली आणि तिने पियानो आणला. आत्याने आणले लाल गमबूट. टिल्ली ते बूट घालून झोपली, आणि ताईने काढायला पाहिले तर झोपेत लाथ मारली.

"आत्याला बाई कसं नेमकं कळतं!" जो तो म्हणाला.

मावशी हसली. म्हणजे तिचे दात दिसले, एवढंच. मनात मात्र नुसता जळफळाट चालला होता. अहो, रखवालदाराची टॉर्च बघायला ही पोरगी रोज फाटकाशी हटून बसते, हे कुणाला ठाऊक होतं? मावशीला. समोरच्या बागेत पाणी घालणाऱ्या माळ्याच्या गमबुटांवर हिचा जीव जडलाय, हे कुणी पाहिलं होतं? मावशीनेच. ताईला हसत हसत सांगितलंही होतं तिने. पण टॉर्च ही काय भेट झाली? आत्या हॉटेलवाली, ती डोंगराएवढं काहीतरी आणणार, मग आपलं त्याच्या पुढे उठून दिसायला नको? म्हणून बाहुलीघर. म्हणून पियानो. आणि ही बया टॉर्च आणून बाजी मारून गेली!

यंदा मात्र मावशी शहाणी झाली होती. टिल्लीचा जीव कशात अडकलाय हे तिला पक्कं माहीत होतं. कारखान्यातल्या साच्यांतले दात. एकदा कामाच्या जागी आली होती तेव्हापासून "मला ते कट्कट् दात दे ना" हे टुमणं चालूच होतं. मावशीने जेवणाच्या सुट्टीत प्लास्टरची छोटीशी बत्तीशी बनवली, हिरड्या गुलाबी रंगवल्या, मागे बिजागरी बसवली, आणि डब्यात कापूस घालून ठेवून दिली. पण मनाला स्वस्थता असेल तर शपथ. आत्याने याहून भारी काही आणलं तर?

आणि त्याच आठवड्यात आत्याचा फोन आला. मावशीचे दोन्ही हात साच्याच्या ओल्या प्लास्टरमध्ये. फोन तिने खांदा आणि कानाच्या मधे धरला.

"मावशी, कामात आहात का? एकच विचारते. यंदा म्हटलं वहिनीला मधे न घालता थेट तुम्हालाच विचारावं. टिल्लीकडे तर सगळंच आहे हो. तिला मनापासून आवडेल असं काय आणू?"

आता एक गोष्ट सांगायला हवी. थोड्याच दिवसांपूर्वी बालवाडीतून येताना, खेळण्यांच्या दुकानासमोर टिल्लीने मावशीचा अंगठा घट्ट धरून ठेवला होता. काचेत एक मोठी बाहुली होती. डोळे मिटायची, उघडायची, आपणहून बोलायची. दुकान मागे पडल्यावर टिल्लीने मावशीला खाली वाकायला लावलं आणि कानात सांगितलं, "ती कुणी हात नाही लावला तरी बोलते. मला खूप भीती वाटते. तुला एकटीलाच सांगितलंय हं. आईला पण नाही."

हे सगळं मावशीला त्या क्षणी आठवलं. आठवलं म्हणूनच तर ती बोलली.

"बोलणारी बाहुली आणा. मोठी. डोळ्यांची उघडझाप करणारी मिळाली तर फारच छान."

"बोलणारी? बरं झालं बाई विचारलं! मला सुचलंच नसतं."

फोन ठेवेपर्यंत हातातलं प्लास्टर घट्ट झालं आणि साचा फुकट गेला. मावशीने तो टोपलीत टाकला आणि मनाची समजूत घातली. पोरच आहे, पाच मिनिटं रडेल आणि विसरेल. एकदा, फक्त एकदाच आत्याची भेट कपाटात जाऊ दे. मग टिल्ली आपल्या कुशीत येईल, आपण डबा उघडू, आणि लोक म्हणतील, मावशीला बाई कसं नेमकं कळतं! एवढंसं ऐकायला मिळावं, यात कुणाचं काय जातंय?

वाढदिवसाच्या संध्याकाळी दिवाणखान्यात फुगे, टोप्या आणि शेजारची चारपाच कार्टी यांचा नुसता हैदोस चालला होता. आत्या स्वयंपाकघरात मावशीच्या शेजारी उभी राहून केकचे तुकडे कागदी ताटल्यांत ठेवत होती. दाराशी तिची भेट उभी होती, टिल्लीच्या खांद्याला लागेल एवढा खोका.

"तुमचे आभार मानायचे राहूनच जातात," आत्या म्हणाली. "मला हो कुठलं पोरांमधलं कळायला? माझं सगळं आयुष्य हॉटेलातल्या खोल्या मोजण्यात गेलं. दरवर्षी वहिनीला विचारते, आणि वहिनी म्हणते, मावशी अमुक सांगत होती, मावशी तमुक सांगत होती. ती टॉर्च काय, ते गमबूट काय, सगळं तुमच्याच तोंडचं. टिल्लीला आत्या आवडते ना, ती तुमच्या जिवावर."

मावशीच्या हातातली सुरी केकमध्येच राहिली.

म्हणजे टॉर्च आपलीच होती. गमबूट आपलेच होते. आणि आपण वर्षानुवर्षं जळलो ते कुणावर? बाई गं, आणि तो खोका!

तेवढ्यात बाहेर कागद टराटरा फाटल्याचा आवाज आला. मावशी हातातली सुरी टाकून धावली.

"थांब टिल्ली! ती नको, ती नंतर उघडू!"

"का गं?" ताई हसत म्हणाली. "तुझी आधी उघडायची आहे वाटतं?"

"आत्याबाई आणि मावशीबाईंची शर्यत लागलीय," भावजी म्हणाले, आणि सगळे खो खो हसले.

एक वाक्य पुरे होतं. ती बाहुली बोलते, तिला भीती वाटते, एवढंच. पण ते बोलायचं म्हणजे हे तुला कधीपासून माहीत आहे, हा पुढचा प्रश्न आलाच. मावशीची दातखीळ बसली.

टिल्लीने झाकण उचललं. बाहुलीने डोळे उघडले.

"मी आले!" बाहुली म्हणाली. "मला उचलून घे!"

टिल्ली आधी नुसतीच उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले. मग ती जी किंचाळली, की शेजारचं एक पोर घाबरून आपणही रडायला लागलं. ती धडपडत, टोपी तुडवत आली आणि मावशीच्या अंगावर चढली. तिचा नवा झगा ओला झाला होता. मावशी तिला घेऊन मटकन खाली बसली. अगदी ठरवलं होतं तसंच झालं होतं. पोर कुशीत होती, आत्याची भेट जमिनीवर आडवी पडली होती, आणि मावशीला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं.

आत्या समोर गुडघ्यांवर बसली. तिचा चेहरा पार उतरला होता. "टिल्लू, मला खरंच माहीत नव्हतं गं."

"मावशीला माहीत आहे," टिल्ली हुंदके देत म्हणाली. "मी तिला सांगितलं होतं. एकटीलाच."

ताईने बहिणीकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

आत्यानेही पाहिलं. क्षणभरच. मग काय ते तिला कळलं. ते तिच्या डोळ्यांत मावशीला लख्ख दिसलं.

"माझाच घोळ, वहिनी," आत्या उठत म्हणाली. "मावशींनी मला फोनवर बजावून सांगितलं होतं, काहीही आणा पण बोलणारी बाहुली नको. दुकानात गेले आणि घाईत नेमकी तीच उचलली. माझं डोकं म्हणजे नुसतं खोकं आहे!" तिने बाहुली पालथी केली, पाठीतले सेल काढून आपल्या पर्समध्ये टाकले आणि खोका उचलून बाहेर नेऊन ठेवला.

मावशीने तोंड उघडलं. खोटं आहे हे, मीच सांगितलं, मुद्दाम सांगितलं, असं म्हणायचं होतं. ती नुसती टिल्लीची पाठ थोपटत राहिली. आणि आतल्या आत, या घडीलासुद्धा, ती मेली जळतच होती. असं चटकन दुसऱ्याचा दोष आपल्या अंगावर घ्यायला आपल्याला जन्मात जमलं असतं का? नसतं. टॉर्च आपली होती, गमबूट आपले होते. हे मात्र आत्याचं स्वतःचं होतं.

टिल्लीने मावशीच्या खांद्याला नाक पुसलं. मग ती कुशीतून उतरली, ओल्या झग्यानेच आत्याकडे गेली आणि तिचा अंगठा धरला.

"पुढच्या वेळी नीट लक्षात ठेव हं आत्या," ती म्हणाली. "मावशी माझं सगळं बरोबर सांगते."

"हो गं बाई," आत्या म्हणाली. "मावशीलाच विचारेन." पण मावशीकडे तिने पाहिलं नाही.