दुसऱ्या पलंगाची रंगीत तालीम

सहादू पगारे कुजबुजला की रंगमंचावरचे राजे बोलायला लागायचे. सातपूरच्या कारखान्यात लेथपुढे उभं राहून त्यानं नोकरी केली, ती पोटासाठी. जीव मात्र कायम कामगार नाट्यस्पर्धेच्या विंगेत अडकलेला; हातात संहिता, तोंडाशी आडवा तळवा. प्रॉम्प्टर म्हणून त्याची ख्याती अशी की, एकदा छातीत तलवार घुसलेला सरदार शेवटचं वाक्य विसरला आणि सहादूनं ते विंगेतून पुरवेपर्यंत मेलाच नाही. तलवार सांभाळत तसाच उभा राहिला, आणि परीक्षकांनी त्याला अभिनयाचं बक्षीस दिलं. खोटं वाटत असेल तर नाशिकरोडच्या त्याच्या कॉलनीत कुणालाही विचारा. सगळ्यांना ही गोष्ट खुद्द सहादूनंच सांगितलेली आहे.

एकच सल होता. नाटक संपलं की माइकवरून सगळ्यांची नावं घेत; पडदा ओढणाऱ्याचंसुद्धा. प्रॉम्प्टरच्या नावापर्यंत यायच्या आत लोक चपला शोधायला लागलेले असत.

तर अशा माणसाच्या घरी एका रविवारी सकाळी पोहे खाता खाता बातमी फुटली. मुलगी तेजल अंबडच्या एका कंपनीत इंजिनीअर. कंपनीची कंट्रोल पॅनलं इंडोनेशियात सेमारांग नावाच्या शहरी गेली होती, ती चालू करून द्यायला तेजल निघाली होती.

"शुक्रवार-शनिवार काम, रविवार मोकळा," ती म्हणाली. "बिझनेस हॉटेलात उतरायचंय. खोलीत दोन पलंग, दोघांचा नाश्ता. सोबत कुणाला आणलं तर कंपनीची हरकत नाही. तुमच्यापैकी एकानं चला. तिकिटाचं मी बघते."

सहादूचा घास हातातच राहिला. "आणि तिथून..."

"हो पप्पा. तिथून बोरोबुदूर गाडीनं दोन-अडीच तास."

बोरोबुदूरचा तो डोंगराएवढा स्तूप पगाऱ्यांच्या घरात फार वर्षं मुक्कामाला होता. विहारातल्या जुन्या कॅलेंडरावरून कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. साडी काढताना शकुबाईला दिसायचा, पँट काढताना सहादूला. दोघांचे पासपोर्टही तयार होते. श्रीलंकेच्या सहलीसाठी काढले, सहल रद्द झाली आणि पासपोर्ट कोरे राहिले.

सहादूला जायचंच होतं. पण बायकोपुढं एकदम 'मी जातो' कसं म्हणायचं? त्यानं तोंड साळसूद केलं आणि बायकोकडे बघून म्हटलं, "शकू, तू जा. मी काय, बघितलं फोटोत."

ठरलेला संवाद होता. यावर शकुबाईनं 'मला बाई नाय जमायचं, तुम्हीच जा' म्हणायचं. लग्न झाल्यापासून ती प्रत्येक वेळी हेच म्हणत आली होती.

शकुबाईनं पोह्यांवर खोबरं पेरलं आणि म्हणाली, "जाईन की."

सहादूच्या कारकिर्दीत कुठल्याही नटानं एवढा दगा दिला नव्हता.

"अगं, पण तिथं सगळं इंग्रजी. कार्डानं दार उघडतं. कार्डानं लिफ्ट चालते. तेजल कामावर गेली की तू दिवसभर एकटी..."

"मग तुम्ही गेलात तर तुम्ही पण एकटेच की," शकुबाई म्हणाली. "का तुमच्यासाठी मराठीतून लिफ्ट ठेवलीय?"

तेजल तोंडावर हात ठेवून हसली. सहादू हसला नाही. त्याचं डोकं विंगेत पळालं आणि युक्ती घेऊन बाहेर आलं.

"तालीम!" तो म्हणाला. "तालमीशिवाय पडदा उघडायचा नाही. द्वारका सर्कलच्या पुढं ते नवं बिझनेस हॉटेल झालंय ना, तिथं एक दिवस राहायचं. अगदी सेमारांगसारखं. ज्याची तालीम पक्की, दुसरा पलंग त्याचा!"

"मंजूर," तेजल म्हणाली. तिला मजाच वाटत होती.

"मंजूर," शकुबाई म्हणाली.

मधला आठवडा सहादू जमिनीवर नव्हताच. त्यानं सेमारांगच्या त्या हॉटेलचं सगळं पान मोबाइलवर वाचून तोंडपाठ केलं. गच्चीवरचा तलाव, मीटिंगच्या खोल्या, न्याहारीला डोसे करतात तसा समोर उभं राहून ऑम्लेट करणारा माणूस. कॉलनीच्या चौकात तो ते नाट्यछटेसारखं म्हणून दाखवायचा. न्याहारीच्या पदार्थांचा आकडा सोमवारी वीस होता, गुरुवारपर्यंत साठावर गेला. ऐकणारे दोघं उपाशीपोटी घरी पळाले.

"खोली दक्षिणेची माग हं, तेजल," तो रोज सांगायचा. "बोरोबुदूर दक्षिणेला आहे. मी नकाशात बघितलं."

"पप्पा, मध्ये मोठा डोंगर आहे. काही दिसणार नाही."

"असू दे. डोंगराच्या पलीकडे आहे ना? मग झालं."

शकुबाई काही बोलायची नाही. एका दुपारी मात्र सहादूनं तिला उघड्या कपाटापुढे उभी पाहिली. साडी काढून झाली होती, तरी ती हलत नव्हती. कागदाचा एक कोपरा सुटला होता, तो तिनं थुंकीनं ओला करून परत दाबून बसवला. सहादू पावलं न वाजवता मागे फिरला. तिलाही जायचंय हे त्याला कळलं, पण इच्छा जबर होती. तो बाथरूममध्ये गेला, नळ सोडला आणि द्वारकेच्या हॉटेलला फोन लावला.

"शनिवारी आमची तालीम आहे," तो कुजबुजला. "आमच्याशी इंग्रजीतच बोला. फास्ट. मराठीचा शब्द नको. ओळख दाखवू नका."

पलीकडे योगेश नावाचा रिसेप्शनवरचा पोरगा होता. त्यानं दोनदा विचारलं, "काका, मोठ्यानं बोला ना," पण शेवटी त्याला समजलं.

शनिवारी संध्याकाळी तिघं द्वारकेला उतरले. सर्कलवर ट्रक, रिक्षा, बस असे एकमेकांच्या अंगावर ओरडत होते की, बाजूच्या उसाच्या रसवाल्यानं घुंगरू काढून ठेवले होते, ऐकतंय कोण? हॉटेलचं काचेचं दार उघडलं आणि मागे मिटलं. एकदम शांतता. सहादूनं कोट घातला होता, कॉलनीतल्या एका लग्नातला. शकुबाईनं पांढरी साडी नेसली होती, निळ्या काठांची, बुद्धपौर्णिमेला नेसते ती.

"मी आता मीटिंगला गेले असं समजा," तेजल म्हणाली आणि कोपऱ्यातल्या सोफ्यावर जाऊन बसली.

"पहिला मी," सहादू म्हणाला. "तू नुसतं बघ, शकू. शिकायला मिळेल."

तो काउंटरपुढे गेला. वर झुंबर. त्याचा सगळा उजेड नेमका त्याच्याच टकलावर. योगेशनं टाय सरळ केला आणि मशीनगन सोडली. "गुड इव्हिनिंग सर वेलकम सर हाऊ मे आय हेल्प यू डू यू हॅव अ रिझर्व्हेशन सर?"

सहादूला वाक्य पाठ होतं. त्यानं तोंड उघडलं. आणि वाक्य आलंही. फक्त आवाज आला नाही. जन्मभर ज्या गळ्यानं फक्त विंगेतून कुजबुजायचं काम केलं, तो गळा उजेडात येऊन तेच करत होता.

"वी हॅव अ बुकिंग," तो कुजबुजला. आणि सवयीप्रमाणे थांबला. समोरचं कुणीतरी आता हे मोठ्यानं म्हणेल, याची वाट बघत.

"सॉरी सर?" योगेश काउंटरवर ओणवा झाला.

"वी हॅव अ बुकिंग," सहादू. आणखी हळू. हातसुद्धा तोंडाशी आडवा गेला.

योगेश एवढा वाकला की त्याचा टाय पेनांच्या डब्यात गेला. मागे बॅगा घेऊन एक कुटुंब येऊन उभं राहिलं. आणि तेवढ्यात त्याच्या खांद्यामागून आवाज आला:

"वी! हॅव! अ! बुकिंग!"

विहारात वंदना सांगायला पुढे शकुबाई असते, हे सांगायचं राहिलंच. तिचा आवाज विहारातून निघतो तो रेल्वे फाटकापर्यंत जातो आणि फाटकवाला वेळ झाली समजून फाटक पाडतो, असं म्हणतात. लॉबीतल्या सगळ्या माना वळल्या. झुंबराचे लोलक किणकिणले. योगेश खाडकन सरळ झाला. "येस मॅडम!"

"टू बेड," सहादू तिच्या कानाशी कुजबुजला.

"टू बेड!" शकुबाई गरजली.

"ब्रेकफास्ट इन्क्लुडेड?"

"ब्रेकफास्ट इन्क्लुडेड?"

"साऊथ विंडो."

"साऊथ विंडो!"

दक्षिण कुठली हे न सुचून योगेश गडबडला, पण किल्लीचं कार्ड त्यानं दोन्ही हातांनी दिलं. सहादूच्या अंगावर काटा आला होता. एवढ्या वर्षांत त्याचं एकही वाक्य कुणी इतकं नेमकं उचललं नव्हतं. ना श्वास चुकला, ना शब्द. लिफ्टमध्ये तो सांगत गेला, ती करत गेली. कार्ड दाखव, बटण दाब, दाराला टेकव, हिरवा दिवा लागला की ढकल. खोलीत त्यानं एसी अगदी खालच्या आकड्यावर लावायला सांगितला, कारण सेमारांगला असंच असतं म्हणे. मग काय विचारता! द्वारकेवरचा हॉर्न खिडकीच्या काचेपर्यंत यायचा आणि गारठून खाली पडायचा.

सहादू पलंगाच्या कडेला बसला. बाहेर खाली दिव्यांचा चिखल झाला होता. तालीम तर रंगली होती, पण निकाल उघड होता. जिच्या तोंडून वाक्य बाहेर आलं, ती जाणार. तो इथं राहणार.

"शकू," तो म्हणाला, "त्या पोराला फास्ट इंग्रजी बोलायला मीच सांगितलं होतं."

"मला म्हाईत हाय."

"कसं?"

"अहो, तुमची कुजबुज ऐकत संसार केलाय. बाथरूममध्ये नळ सोडून बोललात तरी मला ओट्यापाशी ऐकू येतं." तिनं चादर गळ्यापर्यंत ओढली. "मी पण 'जाईन' म्हटलं ना, ते भीत भीतच. पण दर वेळेस तुम्ही म्हणायचं 'जा' आणि मी म्हणायचं 'नाय'. लय कंटाळा आला होता त्याचा."

दार वाजलं. मीटिंगवरून तेजल आली. तिनं खोलीकडे बघितलं, दोन पलंगांकडे बघितलं. "आता झोपायचं कसं? तिघं आहोत आपण."

सहादूनं ऐन वेळी पान सापडत नसल्यासारखं तोंड केलं. संहितेत दोनच पलंग होते. तिसऱ्या माणसाचा विचार त्यानं केलाच नव्हता.

"त्यात काय?" शकुबाई उठली. "गादी मागू एक."

ती खाली गेली, तिच्यामागे दोघं. योगेश इंग्रजीत सुरू होणार, तेवढ्यात ती म्हणाली, "बाळा, पुरे झालं आता. एक जादा गादी पाठव वर."

योगेशनं सुटकेचा श्वास टाकला. "देतो की मावशी. एक्स्ट्रा बेड तर सगळ्याच हॉटेलात मिळतो."

शकुबाई जागच्या जागी थांबली. तेजल थांबली. सहादू तर आधीच थांबलेला होता.

"सगळ्याच?" शकुबाईनं विचारलं. "समुद्रापलीकडं पण?"

"विचारून बघा ना."

तेजलनं तिथंच लॉबीत फोन काढला, सेमारांगचा नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन काउंटरवर ठेवला. घंटा वाजायला लागली. बॅगावालं कुटुंब अजून तिथंच होतं. तेही पुढे सरकलं. सहादूनं शकुबाईच्या मागे, डाव्या खांद्याशी, आपली नेहमीची जागा घेतली.

पलीकडून एका बाईचा गोड आवाज आला. "गुड इव्हिनिंग, हाऊ मे आय हेल्प यू?"

"वी हॅव अ बुकिंग," सहादू कुजबुजला.

"वी हॅव अ बुकिंग!"

सेमारांगला झुंबर असेल तर ते नक्की किणकिणलं. तेजलनं मध्ये आपलं नाव आणि तारीख सांगितली.

"वी आर थ्री. वन एक्स्ट्रा बेड, प्लीज."

"वी आर थ्री! वन एक्स्ट्रा बेड, प्लीज!"

पलीकडे कीबोर्ड टकटकला. सहादूला वाटलं, आपल्या बरगड्यांवरच कुणीतरी टाइप करतंय. "येस मॅडम, सर्टनली. वी कॅन पुट इट निअर द विंडो."

"खिडकीपाशी!" तेजल ओरडली. "दुसरं तिकीटही मीच काढते!" योगेशनं टेबलावर थाप मारली.

"मॅडम, मे आय हॅव द नेम ऑफ द थर्ड गेस्ट?"

हे सहादूला कळलं. त्यानं खांद्यावरून पुढे वाकून स्वतःच फोनला नाव सांगितलं. कुजबुजून, अर्थात.

"सॉरी सर? आय कांट हिअर यू."

त्यानं पुन्हा सांगितलं. पुन्हा "सॉरी सर?"

शकुबाईनं मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. सगळी लॉबी तिच्याकडे बघत होती. लग्नापासून तिनं त्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. 'अहो', 'तेजलचे पप्पा', फार तर 'हे'. रेशनच्या दुकानातसुद्धा नाव विचारलं की ती कार्ड पुढे करायची. आता कानाशी कुणी काही सांगत नव्हतं. तिनं एक श्वास घेतला, वंदनेआधी घेते तसा.

"सहादू पगारे!"

काचेचं दार थरथरलं. बाहेर द्वारका सर्कलवर एका हवालदारानं कुणी हाक मारली म्हणून शिट्टी थांबवली, आणि म्हणे तेवढ्यात सगळा ट्रॅफिक मोकळा झाला. बॅगावाल्या कुटुंबानं चक्क टाळ्या वाजवल्या.

"वेलकम टू सेमारांग, मिस्टर सहादू पगारे," फोन म्हणाला.

सहादूचा आडवा तळवा तोंडावरून आपोआप खाली आला. तो विंग सोडून बायकोच्या शेजारी, झुंबराखाली येऊन उभा राहिला, आणि त्याच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो त्याच्या ओळखीचाही नव्हता.

"जय भीम!" तो सेमारांगपर्यंत ओरडला. "खिडकी दक्षिणेची हवी!"