दोन वेळची भेग

सकाळी राजापेठेतल्या स्कॅन सेंटरवर डॉ. माहेनूरने नेहमीसारखा पडदा ओढला, चहा बाजूला ठेवला आणि पहिला सीटी स्कॅन उघडला. आठ महिन्यांच्या मुलीची कवटी होती. उजवीकडची भेग तीक्ष्ण कडांची, तिच्यावर ताजी सूज. डावीकडच्या भेगेच्या कडा विरत चाललेल्या, सूज मुळीच नाही. तान्ह्या बाळाची कवटी अशीच, हळूहळू पुसट होत जुळते. म्हणजे हे डोके दोनदा फुटले होते.

दारात मुलीचा बाप गोपाल खर्रा चघळत होता. "काल पाळण्यातून पडली जी."

"आणि ही जुनी भेग?"

"ते मालिशवालीचं काम! डोकं गोल करून राहिली होती ना!" तो हसला. मुलीला घेऊन शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने तिचे डोके तळव्याने झाकले.

मालिश करून कवटी फुटत नसते. माहेनूरला त्या हसण्याची शिसारी आली.

सेंटरचे मालक कानाशी कुजबुजले, "मॅडम, एकच फ्रॅक्चर लिहा. याचे वडील खुशालराव आपले जुने दोस्त. त्यांच्या पोराले काहून अडकवता?"

शिसारी आता मालकांचीही आली. मुलगी आज गोपालच्याच घरी परतणार होती. माहेनूरने रिपोर्टात दोन वेगवेगळ्या वेळच्या इजा लिहिल्या, सही केली आणि आतल्या खोलीत जाऊन बालकांच्या मदतीच्या १०९८ क्रमांकावर फोन लावला.