माझ्या अंगावरची मागणी

मी एक जुना कापडी फलक आहे. श्रीरामपुरात एस. टी. स्टँडमागच्या गल्लीत एका डाव्या पक्षाचे कार्यालय आहे. तिथल्या कपाटावर मी गुंडाळून पडलेला असतो. मित्रांनो, मी स्वभावाने चांगला नाही. मी जळतो. आणि परक्यावर नाही, माझ्याच सख्ख्या भावंडावर.

आम्ही दोघे एकाच मांजरपाटाचे. पेंटर गनीभाईंनी दातांनी कड तोडून तो टरकन फाडला. माझ्या वाट्याला लाल रंग आणि मोर्च्याच्या घोषणा आल्या. दुसऱ्या अर्ध्यावर त्यांनी बेलापूरच्या बाजारात मेथी विकणाऱ्या रतनबाईंचे चित्र काढले. माझी अक्षरे ते चहाआधी उरकत, त्या चित्रापाशी मात्र तासन्‌तास बसत. तेव्हापासून माझ्या पोटात दुखते.

राबलो मीही. पक्षाकडे नव्या कापडाला पैसे कुठले? प्रत्येक मोर्च्याआधी गनीभाई मला लाल रंगाचा नवा हात देत आणि वर नवी मागणी लिहीत. जुन्या मागण्या पुऱ्या न होताच माझ्या अंगात मुरत गेल्या. लोक म्हणत, "काय अक्षर आहे!" आणि मोर्चा संपला की माझ्यावरच बसून भेळ खात.

भावंडाला मात्र शहरातला चित्रांचा व्यापारी हर्षल किरकोळ पैशांत घेऊन गेला. पुढे पेपरात त्या चित्राचा फोटो आला. लिलावात लाखोंना विक्री, घेणाऱ्याचे नाव गुप्त. सोनेरी चौकट, वर दिवा! माझा तर तिळपापड झाला.

पक्षाच्या चिटणीस राजनंदिनीताईंनी तो पेपर बैठकीत सगळ्यांपुढे ठेवला. "जमीन घेतली तर सातबाऱ्यावर नाव लागतं. मग चित्र घेणाऱ्याचं नाव का लपवायचं? अशानं काळा पैसाही भिंतीवर टांगता येईल," त्या म्हणाल्या. "चित्रविक्रीची सरकारदरबारी नोंद हवी. आणि चित्र पुन्हा विकलं की चित्रकाराला वाटा हवा."

"भिंतीवर तरी कुठं?" गनीभाई म्हणाले. "म्या इचारलं हर्षलशेठला. घेनाऱ्यानं पेटीत बंद करून गोदामात ठिवलंय म्हने. भाव चढला की काढनार."

रतनबाई तिथेच बसल्या होत्या. "तोंड माझं, अन् मलाच बघाया न्हाई?"

हे ऐकून तरी माझी जळजळ थांबायला हवी होती. नाही थांबली. लाखमोलाचा अंधार तरी त्याच्या नशिबी होता. त्यात गनीभाईंनी ती मागणी माझ्यावरच लिहिली. 'चित्र कोणी घेतले? नाव सांगा! चित्रकाराचा वाटा द्या!' भावंडाची तरफदारी, आणि तीही माझ्या छातीवर.

मोर्च्याच्या आदल्या दिवशी हर्षल स्वतः कार्यालयात आला. मी जमिनीवर वाळत होतो. लाल रंगाखालून डोकावणाऱ्या जुन्या अक्षरांवरून त्याने बोट फिरवले.

"हा फलक मला द्या," तो म्हणाला. "असल्या वस्तूंना आता चांगलं गिऱ्हाईक आहे."

त्याने सांगितलेल्या किमतीत कार्यालयाचे गळके पत्रे बदलून झाले असते. राजनंदिनीताई वर पत्र्यांकडे बघत राहिल्या. माझा आनंद गगनात मावेना. चौकट! दिवा! आणि नाहीच तर पेटी तर पेटी!

"देऊ की," गनीभाई म्हणाले. "पन घेनाऱ्याचं नाव पावतीवर लिवा. अन् पुढं इकला तर माझा वाटा."

"नाव सांगायची आमच्यात पद्धत नाही," हर्षल हसला.

रतनबाईंनी माझ्यावर बोट ठेवले. "मग ह्ये काय लिवलंय? वाचा की."

हर्षलने वाचले आणि तो निघून गेला. राजनंदिनीताईंनी पत्र्यांखाली बादली सरकवली आणि मला काठ्यांना बांधायला घेतले. माझ्याच अंगावरच्या अक्षरांनी माझा घात केला. रात्रभर मी धुमसत होतो.

मोर्च्यात एक काठी गनीभाईंनी धरली, दुसरी रतनबाईंनी. चालता चालता त्यांनी माझी फाटकी कड चाचपली.

"गनीभाई, माझ्या चित्राची कड बी अशीच हाय का?"

"अशीच. एकाच कापडाची."

मग तहसील कचेरीपर्यंत रतनबाईंनी ती कड मुठीतून सोडली नाही.

मित्रांनो, मला पावसात भिजवू नका, माझ्यावर बसून भेळ खाऊ नका, हे तर मी मागणारच. पण कधी कुठे पेटीत मेथीवालीचे चित्र दिसले आणि त्याची एक कड अशीच फाटकी असली, तर मालकाचे नाव विचारा. बंद पेटीतल्या भावंडावर जळताना माझे मन मला खाते. त्याला उजेडात येऊ द्या. मग मी त्याच्यावर पोटभर जळेन.