सुतातल्या खुंट्या

त्याला गल्लीत सगळे ओळंबा म्हणत. गवंडी होता तो. भिंत केसभर झुकली तरी याला चैन पडायची नाही, मग ती भिंत कोणाची का असेना. व्याह्यांकडे पहिल्यांदा जेवायला गेला तेव्हा ताटावरून उठून त्यांच्या दाराची चौकट तिरकी असल्याचं सांगून आला. त्यांनी पुन्हा बोलावलं नाही.

उभा जन्म लोकांची घरं बांधण्यात गेला आणि संसार भाड्याच्या खोल्यांत झाला. केस पिकल्यावर कुठे स्वतःचं घर उभं राहिलं. पहिल्या दिवशी बायकोने स्वयंपाकघराच्या भिंतीवरून हात फिरवला आणि बजावलं, "आता मला इथून कोणी हलवायचं नाही."

रेल्वेने नेमकं तिलाच हलवायचं मनावर घेतलं. नव्या मार्गासाठी दोन जागा बघणं चाललं होतं: एक या गल्लीची मागची बाजू, दुसरी बंद पडलेल्या वीटभट्टीचा माळ. मोजणीवाल्यांनी दोन्हीकडे लाल डोक्याच्या खुंट्या ठोकल्या. मोठे साहेब येऊन एक बाजू पक्की करणार होते. गल्ली ठरली तर मागची घरं मोबदला देऊन पाडायची, माळ ठरला तर गल्ली सुटली.

गल्ली मोठी बेरकी. शिंप्याने आपली खुंटी उपटून औषधवाल्याच्या अंगणात ठोकली. औषधवाल्याने ती परत शिंप्याकडे पाठवली आणि वर स्वतःचीही दिली. जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवलेल्या मास्तरीणबाईंनी आपली खुंटी सकाळच्या फेरीत चपलेने ढकलत ढकलत लांब नेली. सगळे मूग गिळून बसले होते.

"सगळ्यांनी सरकवल्या," बायको म्हणाली. "आपलीच तेवढी भिंतीला चिकटून उभी आहे."

"सरकारी खुंटी आहे ती."

"आणि घर कोणाचं आहे? दोन हात पलीकडे ठोका, एवढंच म्हणतेय. मला उपटता आली असती तर तुम्हाला विचारलंही नसतं."

मोजणीवाले जेवायला गेल्यावर ओळंब्याने खुंटी उपटली, दोन हात पलीकडे ठोकली आणि हात झटकले. एवढ्यावर घरात यावं की नाही? पण गडी सवयीने काम बघायला मागे सरकला, आणि तिथेच घात झाला. एक खुंटी इकडे, एक तिकडे, तिसरी भलतीकडेच! पिसाळलेली ओळ होती ती. त्याने मान फिरवली, दोन पावलं घराकडे आलाही. पण जित्याची खोड ती. घरातली दोरी आणली, गल्लीच्या पहिल्या खुंटीपासून शेवटच्या खुंटीपर्यंत ताणली, आणि मधल्या एकूणएक खुंट्या दोरीला लावून ठोकल्या. स्वतःचीही ठोकली, पुन्हा भिंतीला चिकटून. इतरांना एक न्याय आणि आपल्याला दुसरा, हे त्याला जमणारं नव्हतं. काम संपल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की जेवणात मीठ कमी असल्याचंही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. सोबतचा मोजणीवाला खुशीत होता.

"साहेब, काल सकाळी मी ही बाजू रद्द करा म्हणूनच लिहिणार होतो. खुंट्या सगळ्या नागमोडी झालेल्या. म्हटलं, जमीन भुसभुशीत आहे, सरकतेय. आज बघा, एकदम सुतात! माझीच नजर चुकली असणार."

"मग हीच बाजू घ्या," साहेब म्हणाले. "माळावर उगाच वळण पडतंय."

शिंप्याने ओळंब्याकडे पाहिलं. औषधवाल्यानेही पाहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण याने साऱ्या गल्लीचे हात दाखवले होते.

साहेबांनी खात्रीसाठी दोरी लावायला सांगितली. ती स्वयंपाकघराच्या भिंतीला येऊन टेकली. बायको दारात उभी होती. तिने आरडाओरडा केला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "दोरी नीट लागलीय का, ते आमच्या ह्यांना विचारा. त्यांच्याशिवाय कोणाला कळायचं नाही."

साहेब हसून बाजूला झाले. ओळंबा खाली वाकला. नाही म्हण, एकदा तरी खोटं बोल, असं त्याचं काळीज ओरडत होतं. एक डोळा मिटून त्याने दोरीवरून नजर टाकली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला ती उभी होती, पदर तोंडाशी धरून.

"नीट आहे," तो म्हणाला, आणि मिटलेल्या डोळ्यातून पाणी आलं.